पहिल्या लिपीतला सूर्य

टिचकुले सर माझ्याशी पहिल्यांदा बोलले ते वाक्य असं होतं : "मॅडम, तुम्ही तं सूर्याले बारका करून टाकला जी."

मी तेव्हा लाखांदूरच्या ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवायला नुकतीच लागले होते. माहेर भंडाऱ्याचं, घरात दिवसभर मागाचा खटखटाट, आणि त्या घरातली मी पहिली एम.एस्सी. त्यामुळे अंगात थोडी हवा होती. त्या महिन्यात खंडग्रास सूर्यग्रहण दिसणार होतं. पोरांना ग्रहणाचे चष्मे लावून मैदानावरून ते दाखवायचं मी ठरवलं आणि नोटीस बोर्डावर इंग्रजीत सूचना लावली. इंग्रजीतली सूचना कोणी वाचत नाही, पण प्राचार्यांना बरी वाटते. दुसऱ्या तासानंतर येऊन पाहते, तर माझ्या सुबक अक्षरांवर लाल रिफिलने तीन ठिकाणी वार झालेले. 'सन'चा एस, 'मून'चा एम आणि 'अर्थ'चा ई, तिन्ही बारके काटून वर मोठे काढलेले. शेजारी एक उंच, वाळका माणूस आपल्या कामगिरीकडे मान तिरपी करून बघत उभा. पांढरा सदरा, खिशाखाली लाल शाईचा डाग, जणू कोणी छातीत पेन खुपसला होता.

"काहून काटलं?" मी तिथल्या तिथे विचारलं.

"विशेषनाम आहे. तुमचं नाव बारक्या अक्षरानं लिहलं तं चालन का तुम्हाले?"

"पण पेपरात तर सूर्य बारक्या अक्षरानंच छापतात."

"पेपरात तं राशिभविष्यही छापतात," सर म्हणाले आणि तासाला निघून गेले.

हे सूर्यभान टिचकुले. आमच्याकडे इंग्रजी शिकवायचे. आम्ही शाळेत असताना इंग्रजीच्या मोठ्या अक्षरांना पहिली लिपी म्हणायचे आणि बारक्या अक्षरांना दुसरी. सगळं जग पुढे जाऊन 'कॅपिटल' म्हणायला लागलं तरी सर पहिली लिपीच म्हणत. आणि त्यांच्या मते आकाशातल्या गोष्टींशी वागताना पहिली लिपी वापरणं हा सभ्यतेचा किमान भाग होता. माणसांच्या बाबतीत मात्र ते इतके आग्रही नव्हते.

पोरं त्यांना पाठीमागे 'कॅपिटल सर' म्हणत. नावातच सूर्य आहे म्हणून सर सूर्याची बाजू घेतात, असाही एक प्रवाद होता. तो त्यांच्या कानावर गेला तेव्हा त्यांनी वर्गात खुलासा केला : "माझ्यावाला सूर्य माझ्या आज्यानं ठेवला. त्याचा उजेड घरातसुद्धा पडत नाही."

राहायला दिघोरीला. तिथे थोडी धानाची शेती. रोज सकाळच्या एसटीने यायचे, आणि खिडकीशी जागा मिळाली तरी बाहेर बघायचे नाहीत, पुढच्या सीटच्या पाठीवर पोरांनी खरडलेलं इंग्रजी वाचत बसायचे. एकदा एका सीटवर कोणीतरी कोणावर तरी इंग्रजीत प्रेम व्यक्त केलं होतं. सरांनी त्यातल्या मुलीच्या नावाचं पहिलं अक्षर मोठं करून दिलं. लग्नाच्या पत्रिका त्यांना लग्न झाल्यावर देण्याची प्रथा आमच्या स्टाफरूममध्ये पडली होती. आधी दिली तर ती लाल होऊन परत यायची आणि शकुन-अपशकुनाचा प्रश्न निघायचा.

पण माणूस नुसता लाल पेन नव्हता. नोटीस बोर्डाच्या प्रकरणानंतर दोन दिवसांनी मी त्यांना गाठलं आणि म्हटलं, मला नीट समजावून सांगा. सरांनी डब्यातल्या भाकरीचा तुकडा मोडला.

"हे पाहा. गुरू ग्रहाले चंद्र खूब आहेत. त्यांले नावं आहेत, एकेकाचं वेगळं. म्हनून ते सारे जातीनं 'मून', बारक्या एमचे. आपल्या चंद्राले कोनी नावच ठेवलं नाही. घरात एकच बैल असला तं आपन त्याले बैलच म्हनतो ना? मंग बैल हेच त्याचं नाव झालं. म्हनून आपल्यावाला मोठ्या एमचा."

"आणि अर्थ?"

"माती असली तं बारका ई. ग्रह असला तं मोठा. शेतकरी उभा राहते ती बारकी, अन् दुरून आकाशातून दिसते ती मोठी. आहे एकच."

मी एम.एस्सी. झाले होते, पण हे इतकं स्वच्छ मला कोणी सांगितलं नव्हतं. सर मात्र स्वतःच्या स्पष्टीकरणावर खूश नव्हते. "गॅलॅक्सीचंही तसंच," ते म्हणाले. "आपली मोठ्या जीची, बाकी साऱ्या दुनियेच्या बारक्या. म्हनजे आपलं असलं का मोठं. याच्यात विज्ञान कमी अन् गाववाला जास्त आहे. पन नियम तं नियम."

त्यांच्या तासाला एक कायमचा घोळ व्हायचा. मागच्या बाकावरचा कोणी उठून म्हणायचा, "सर, अर्थ समजला नाही." सर शांतपणे विचारायचे, "कोनता? मोठा का बारका?" आणि एकदा एका मुलीने विचारलं, मराठीत असं मोठं-लहान का नाही? सर खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "मराठीत सूर्याले अन् सुपारीले एकच स. आपल्या लिपीत कोनी मोठं नाही, कोनी लहान नाही. लिपीपुरतं तरी."

चाचणीत चुकीच्या लिपीला अर्धा मार्क कापला जायचा. बारक्या 'सन'ला अर्धा, बारक्या 'अर्थ'ला अर्धा, आणि 'सोलर'चा एस बारका काढला तरी अर्धा. 'सोलर'बद्दल मला तेव्हाच कुठेतरी खटकलं होतं. पण मी फिजिक्सची. इंग्रजीत नाक कशाला खुपसा, म्हणून गप्प राहिले. हे गप्प राहणं पुढे महागात पडलं, पण ते सरांना, मला नाही.

सरांच्या या निष्ठेची पहिली किंमत त्यांनी माझ्या डोळ्यांदेखत मोजली ती निमंत्रणपत्रिकेच्या वेळी. कॉलेजला एक दुर्बीण मिळाली होती आणि तिच्या उद्घाटनाला नागपूरहून पाहुणे येणार होते, म्हणून पत्रिका इंग्रजीत काढायची ठरली. मजकूर सरांनी लिहिला. एसटी स्टँडजवळ सुनंदाचं टायपिंगचं दुकान होतं, तिथे छापून आली. संस्थेचे अध्यक्ष, ज्यांना सगळे भाऊसाहेब म्हणत, त्यांनी ती हातात घेतली आणि त्यांचा चेहरा हळूहळू सरांच्या पेनाच्या रंगाचा होत गेला. पत्रिकेत लिहिलं होतं, की संस्थेच्या अध्यक्षांच्या उपस्थितीत दुर्बिणीतून सूर्य, चंद्र व ग्रह यांचं दर्शन घडवण्यात येईल. सूर्याचा एस मोठा, चंद्राचा एम मोठा आणि प्रेसिडेंटचा पी बारका.

भाऊसाहेबांनी सरांना बोलावून घेतलं. मी दुर्बिणीची प्रमुख म्हणून तिथेच उभी होते.

"मास्तर, सूर्य मोठा अन् मी लहान?"

"नावाच्या आधी आलं असतं तं मोठं केलं असतं, भाऊसाहेब. नुसतं पद असलं का सामान्यनाम होते."

"मी सामान्य?"

"पद सामान्य," सर म्हणाले. इथे थांबले असते तरी निभावलं असतं. पण माणूस शिक्षक होता, उदाहरण दिल्याशिवाय त्याला राहवत नसे. "सूर्य एकच आहे जी. अध्यक्ष बदलत राहतात."

त्या वर्षी उपप्राचार्यांची जागा रिकामी होणार होती आणि ज्येष्ठतेने ती सरांची होती. ती मिळाली भोयर सरांना, जे जीवशास्त्र शिकवत आणि पत्रिका लिहीत नसत. सरांनी भोयर सरांचं अभिनंदन केलं, पेढा खाल्ला आणि म्हणाले, "व्हाइस प्रिन्सिपॉल. तुमच्या नावाच्या आधी लिहलं तं दोन्ही अक्षरं मोठी. पाटी करताना ध्यानात ठेवजा."

याच भोयर सरांबरोबर पुढे गांडुळांचं प्रकरण घडलं. भोयर सरांनी धानाच्या बांध्यांमधल्या गांडुळांवर पीएच.डी.चा प्रबंध लिहिला होता. आमच्याकडे धानाच्या शेताच्या एका तुकड्याला बांधी म्हणतात, आणि भोयर सरांनी अर्धं आयुष्य त्या बांध्यांमध्ये उकिडवं बसून काढलं होतं. इंग्रजी तपासायला प्रबंध टिचकुले सरांकडे आला. प्रस्तावनेत पृथ्वी बारक्या ईने आलेली पाहून सरांनी लगेच सुनंदाला फोन केला : "जिथं जिथं अर्थ दिसन, तिथं ई मोठा कर."

सुनंदा आज्ञाधारक बाई. आणि तिला नुकतंच कळलं होतं, की कॉम्प्युटरला एक बटण असतं, ज्याने एक शब्द सगळीकडे एका दमात बदलता येतो. तिने ते दाबलं. इंग्रजीत गांडुळाला 'अर्थवर्म' म्हणतात, हे तिच्या ध्यानात असण्याचं कारण नव्हतं. प्रबंधातलं प्रत्येक गांडूळ मोठ्या ईचं झालं. जिथे काही जमिनीतून उकरून काढलं होतं, त्या 'अनअर्थ्ड' शब्दाच्या पोटातही मध्येच एक मोठा ई मान वर काढून उभा राहिला. प्रबंध तसाच बांधला गेला, तसाच नागपूरला गेला.

परीक्षकांनी प्रबंध परत पाठवला. शेरा असा, की हे पृथ्वी ग्रहाचं अधिकृत गांडूळ आहे काय, आणि असल्यास इतर ग्रहांवरील गांडुळांशी तुलना का केली नाही?

भोयर सर आठ दिवस कोणाशी बोलले नाहीत. टिचकुले सरांनी मात्र कसलीही सारवासारव केली नाही. आधी परीक्षकांना पत्र लिहून सगळी चूक आपल्या नावावर घेतली. मग सुनंदाच्या दुकानात जाऊन तीन दिवस बसले. मी एकदा डोकावले तर सर स्क्रीनवर बोट ठेवून एकेक गांडूळ दाखवत होते आणि सुनंदा त्याचा ई बारका करत होती.

"सर, हे एका बटनानं वापस होते जी," ती रडकुंडीला येऊन म्हणाली.

"नाही. बटनानंच घात केला. एकेकाले पाहून पाहून खाली उतरव."

प्रबंध मंजूर झाला. भोयर सर डॉक्टर झाले आणि त्यांनी नवी पाटी केली. सरांना दाखवल्याशिवाय.

असं हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखंच चाललं होतं. मग माधुरीचा फोन आला.

माधुरी आमची विद्यार्थिनी. तालुक्यातल्याच एका शेतकऱ्याची मुलगी, फिजिक्स माझ्याकडे शिकली आणि इंग्रजी सरांकडे. सरांचा एकही अर्धा मार्क तिने कधी गमावला नाही, आणि हे आमच्या कॉलेजात दुसऱ्या कोणाला जमलं नव्हतं. पुढे ती पुण्याला एका संशोधन संस्थेत सूर्यावरच्या स्फोटांचा अभ्यास करायला गेली. तिने पहिला शोधनिबंध लिहिला. गटाच्या बैठकीत तो पडद्यावर लावला. पहिलं पान दिसताच एक सीनियर मुलगा म्हणाला, "हे जर्मनमध्ये लिहिलंय का?" जर्मनमध्ये सगळीच नामं मोठ्या अक्षराने लिहितात. सगळे हसले. मग तो म्हणाला, गावाकडून आलं की आधी भाषेचा एक कोर्स करून घ्यावा. तेव्हाही काही जण हसले.

"मॅडम, मी परत येऊन राहिली," माधुरी फोनवर म्हणाली. "बी.एड. करते. तिकडंच कुठं तरी लागून जाईन. सरांले सांगू नका."

मी सरांना सांगायचं नाही असं ठरवलं आणि स्टाफरूममध्ये जाऊन बसले. सरांनी माझ्याकडे बघितलं, पेनाला टोपण लावलं आणि विचारलं, "कोन मेलं?" मग सांगावंच लागलं.

सर त्यावेळी निवृत्तीला आले होते आणि आयुष्यात नागपूरच्या पलीकडे गेले नव्हते. दुसऱ्याच आठवड्यात आम्ही दोघं पुण्याच्या गाडीत बसलो. सरांजवळ एक फाईल, जिच्यात आकाशस्थ वस्तूंच्या नावांबद्दल त्यांनी जन्मभर जमवलेली कात्रणं होती, आणि एक चुंगडी, जिच्यात घरचा तांदूळ होता. चुंगडी कशाला, विचारलं तर म्हणाले, "भांडायले जाऊन राहिलो. रिकाम्या हातानं जाऊ का?"

माधुरीच्या गाईड बाई बारीक केसांच्या, हळू बोलणाऱ्या होत्या. त्यांनी आम्हाला बैठकीच्या खोलीतच बसवलं. माधुरी होती, गटातली मुलं होती, जर्मनवालाही होता. सरांनी फाईल उघडली आणि एकेक कागद टेबलावर मांडला. सूर्य, चंद्र, पृथ्वी. जगभरचे खगोलवाले काय म्हणतात, कोणती नियतकालिकं मोठं छापतात, कोणती बारकं. बाईंनी सगळे कागद खरंच वाचले.

"हे बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "वर्तमानपत्रांची पद्धत वेगळी, पण आम्ही जिथे निबंध पाठवतो तिथे सन, मून, अर्थ तिन्ही मोठ्या अक्षरानेच लागतात. माधुरीनं ते बरोबरच लिहिलंय."

सरांनी जर्मनवाल्याकडे बघितलं. पंचवीस-तीस वर्षं मागच्या बाकांवर रोखलेली नजर होती ती. पोरगं खुर्चीत बसल्या जागी थोडं बुटकं झालं.

"पण सर," बाई पुढे म्हणाल्या, "मुलं हसली ती 'सोलर'ला. प्रत्येक ओळीत सोलर आहे आणि प्रत्येक वेळी एस मोठा. तो कसा?"

"सनचं विशेषण आहे," सर म्हणाले. "मूळ नाव मोठं, तं त्याच्यापासून झालेलं विशेषणही मोठं. इंडिया मोठं, इंडियनही मोठं."

"इंडियन मोठं, खरं आहे. मार्शियनही मोठं. पण सोलर लहान. लूनर लहान. सोलर सिस्टिम हे आपल्या सूर्यमालेचं नाव म्हणून आलं तर मोठं, बाकी सगळीकडे लहान."

"कारन?"

बाई थोड्या हसल्या. "इंग्रजीला कारण कोण विचारणार? तसं आहे."

त्यांनी सरांसमोर त्या नियतकालिकाचे अंक ठेवले. सर एकेक पान उलटत गेले. सन मोठा, सोलर लहान. सन मोठा, सोलर लहान. पंख्याच्या वाऱ्याने सरांची कात्रणं टेबलावरून एकेक करून खाली जात होती आणि ती कोणी उचलत नव्हतं. मला त्यांच्याकडे बघवेना. नोटीस बोर्डाशी उभा राहणारा तो माणूस आता बरोबर त्याच जागी उभा होता जिथे मी एकदा उभी होते, फरक इतकाच, की मी तेव्हा पोरगी होते आणि सरांची नोकरी संपत आली होती.

सरांनी अंक मिटला आणि उभे राहिले. गटातल्या मुलांकडे वळून अतिशय शुद्ध, अतिशय सावकाश इंग्रजीत म्हणाले, की चूक या मुलीची नाही. तिने मी शिकवलं तसं लिहिलं. मी चुकीचं शिकवलं. हसायचं असेल तर माझ्यावर हसा, मी संध्याकाळच्या गाडीपर्यंत इथेच आहे.

कोणी हसलं नाही. जर्मनवाला उठला आणि खाली पडलेली कात्रणं गोळा करायला लागला. गेटपाशी माधुरी सरांना म्हणाली, "सर, मी राहते जी." सर म्हणाले, "राहा. तांदूळ नवा आहे, पानी कमी टाकजो."

निबंध पुढे छापून आला. त्यात शेवटी माधुरीने सरांचे आभार मानले होते. मी त्याची प्रिंट काढून सरांना दिली, तर आभाराच्या ओळी त्यांनी वाचल्याच नाहीत. पहिल्या पानापासून 'सोलर' शोधत बसले.

कोणीही इथे विषय संपवला असता. सरांनी पोस्टातून कार्डांचा गठ्ठा आणला. कॉलेजच्या जुन्या रजिस्टरमधून विद्यार्थ्यांचे पत्ते उतरवून घेतले आणि जेवढे सापडले तेवढ्यांना एकेक कार्ड लिहिलं. मजकूर सगळ्यांना एकच : 'मी तुम्हाला सोलर हा शब्द मोठ्या एसने शिकवला. तो लहान एसने लिहावा. चूक माझी होती. तुमचा, सू. टिचकुले.'

मी म्हटलं, "सर, यातल्या किती जणांना आयुष्यात हा शब्द लिहायचं काम पडलं असेल?"

"पडलं नसन. पन पडलं तं?"

उत्तरं यायला लागली. पोलिसात असलेल्या एकाने कळवलं, की कार्ड बघून त्याच्या साहेबाला वाटलं ही काही सांकेतिक भाषा आहे आणि त्याची चौकशी झाली. एकीने लिहिलं, की सर, तुम्ही मला लक्षात ठेवलंत यातच सगळं आलं, बाकी मी लग्नानंतर इंग्रजी सोडून दिलं. साकोलीच्या एकाने तर सरळ फोन केला : "सर, मी सोलर पंप विकतो जी. दुकानाच्या बोर्डावर एस मोठा हाय. काय करू? पेंटर बोलावू का?"

"बोर्डावर चालते," सर म्हणाले आणि फोन ठेवून बराच वेळ हसत राहिले.

एक कार्ड मात्र परत आलं. वर पोस्टमनने शाईने लिहिलं होतं : 'मयत.' मुलाचं नाव रोशन. बारावी झाल्यावर दोन-तीन वर्षांत मोटरसायकलच्या अपघातात गेला होता. सरांना माहीत नव्हतं. ते कार्ड खिशात घालून सर पवनी रस्त्यावरच्या रोशनच्या गावी गेले. का गेले, ते त्यांना सांगता आलं नाही. तिथे काय झालं ते त्यांनी मला पुढे कारध्याला सांगितलं. कारध्याला त्यांची मुलगी दिली होती, निवृत्तीनंतर ते अधूनमधून तिच्याकडे येऊन राहायचे, आणि मी तोवर बदली घेऊन भंडाऱ्याला आले होते, त्यामुळे पूल ओलांडून कधीमधी त्यांना भेटायला जायची.

रोशनच्या आईने त्यांना खाटेवर बसवलं, पाणी दिलं. सरांनी कार्ड वाचून दाखवलं. तिला अर्थातच काही कळलं नाही. तिने विचारलं, "गुरुजी, आमचा रोशन मंग मोठं लिवत होता का लहान?"

"आठवत नाही, बाई."

तिने कार्ड हातात घेऊन उलटंसुलटं करून पाहिलं. मग म्हणाली, "तो लहान लिवत असन, अन् तुमी काटलं असन तं?"

सर मला म्हणाले, "इतकी वर्षं झाली, एवढं सोपं कोनी विचारलंच नव्हतं."

बाईने आतून एक पत्र्याची पेटी आणली. त्यात रोशनची पुस्तकं, वह्या, बेल्ट, सगळं ठेवलेलं. सर चाचणीच्या वह्या काढून पानं उलटत बसले. तिसऱ्या वहीत सापडलं. पोराने 'सोलर' लिहिला होता, बारक्या एसने, बरोबर. त्यावर सरांची लाल काट आणि समासात अर्धा मार्क वजा. सरांनी खिशातून लाल पेन काढला, आपली काट काटली, समासात अर्धा मार्क मिळवला, बेरीज नव्याने मांडली आणि खाली सही केली.

"आता पास झाला का?" बाईने विचारलं.

"पास तं तो तेव्हाच झाला होता. आता अर्धा मार्क वाढला."

"वाढला ना?" ती म्हणाली. "बस मंग. जेवून जा."

"जेवलो," सर मला म्हणाले. एवढंच. मग त्यांनी नातीने आणलेला चहा बशीत ओतला आणि भंडाऱ्यातल्या एका क्लासच्या जाहिरातीतल्या स्पेलिंगांची पिसं काढायला सुरुवात केली. माणूस शरमेने सुधारला वगैरे असं काही झालेलं नव्हतं.

सर मागच्या हिवाळ्यात गेले. मला दोन दिवसांनी कळलं. पण मला ते शेवटचे दिसले ते त्याच्या आधीच्या पावसाळ्यात.

माझं लाखांदूरला काही काम निघालं होतं आणि वाटेत म्हटलं, दिघोरीला सरांना भेटून जाऊ. घरी कुलूप. शेजारणीने सांगितलं, रोवणं चालू आहे, सर बांधीत आहेत. मी रस्त्याच्या कडेला गाडी लावून शेतापाशी गेले. दहा-बारा बाया गुडघाभर चिखलात ओळीने वाकून धानाची रोपं लावत होत्या आणि त्यांच्या मध्ये सर, धोतर वर खोचलेलं, डोक्याला पंचा. निवृत्त झाल्यापासून दर वर्षी हट्टाने एक रांग लावायचे म्हणे. बाया पुढे निघून गेल्या होत्या. सरांची रांग मागेच होती आणि ती एखाद्या नाल्यासारखी वळणं घेत गेली होती.

कडेची एक म्हातारी बाई कमरेवर हात ठेवून सरळ झाली. "मास्तर," ती ओरडली, "हे काय लावून राहिले जी? धानाची रांग हाय का साप? उपटा सारं!"

बाकीच्या बाया खदखदून हसायला लागल्या. एकीला तर हसता हसता चिखलातच बसावं लागलं. मी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभी होते. हाक मारणार होते, मारली नाही.

सरांनी मागे वळून आपल्या रांगेकडे बघितलं. वाकले, पहिल्या रोपापर्यंत मागे गेले, एकेक करून सगळी उपटली, डाव्या हातात जुडी धरली आणि पुन्हा लावायला सुरुवात केली. या खेपेला दोन रोपं रोवली की मान वर करून त्या म्हातारीकडे बघायचे. ती तिथूनच हाताने खूण करायची, अजून थोडं डावीकडं, आणि सर ते रोप काढून डावीकडे लावायचे.